पार्किन्सन्स आणि चिनी वनौषधी : दावा कोणता, पुरावा कशाचा

घरात कोणाला पार्किन्सन्सचे निदान झाले की पहिल्या काही महिन्यांत दोन गोष्टी बहुधा घडतातच. न्यूरॉलॉजिस्टने लिहून दिलेल्या गोळ्या सुरू होतात आणि ‘याशिवाय आणखी काही आहे का’ याचा शोधही सुरू होतो. हा शोध पुष्कळदा चिनी वनौषधींपर्यंत पोचतो, कारण चीनमध्ये या आजारावर काढे आणि दाणेदार चूर्णे मोठ्या रुग्णालयांतूनही दिली जातात, तीही आधुनिक गोळ्यांच्या जोडीने, आणि तिथल्या वैद्यकीय नियतकालिकांत या विषयावरचे निबंध ढिगाने सापडतात. त्यामुळे ‘चीनमध्ये सिद्ध झालेले औषध’ असे म्हणणे विक्रेत्याला सोपे जाते. हे म्हणणे कितपत खरे आहे हे तपासायचे तर आधी त्यातला दावा सुटा करून पाहावा लागतो. औषधाने मेंदूतील पेशींचा ऱ्हास थांबतो, हा एक दावा झाला. कंप, ताठरपणा आणि हालचालींतील मंदपणा कमी होतो, हा दुसरा. बद्धकोष्ठता, झोपमोड, भास यांसारखे सोबतचे त्रास हलके होतात, हा तिसरा. या तिन्हींमागचा पुरावा सारख्या वजनाचा नाही, पण जाहिरातीत ते एकाच वाक्यात गुंफलेले असतात.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा व्यक्तींच्या निरीक्षणांवरून या आजाराचे वर्णन केले. त्याचे कारण मेंदूच्या खोल भागात आहे हे कळायला मात्र शतकाहून अधिक काळ गेला. मेंदूच्या मुळाशी ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ नावाचा काळसर पट्टा असतो. तेथील चेतापेशी डोपामिन हे रसायन तयार करतात आणि आपल्या हालचाली सुरळीत, योग्य वेगाने सुरू होण्यासाठी ते आवश्यक असते. या पेशी हळूहळू मरतात, त्यांच्यात अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाचे पुंजके साचतात, आणि जवळजवळ निम्म्या किंवा त्याहून अधिक पेशी गेल्यावर कंप किंवा मंदपणा डोळ्यांना दिसू लागतो. म्हणजे निदानाच्या दिवशी आजार पुष्कळ जुना झालेला असतो. वास कमी येणे, बद्धकोष्ठता आणि झोपेत हातपाय झाडणे या तक्रारी कित्येकदा वर्षानुवर्षे आधीपासून असतात, पण त्यांचा संबंध तेव्हा कोणी या आजाराशी जोडलेला नसतो.

उपचाराचा इतिहास येथे थोडा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण त्यात वनस्पती पहिल्यापासून आहेत. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्व्हिड कार्लसन यांनी प्राण्यांना रेसर्पिन दिले. हे द्रव्य आपल्या सर्पगंधेच्या मुळांतून मिळते आणि त्या काळी रक्तदाबावर ते सर्रास वापरले जाई. रेसर्पिनने प्राणी निपचित पडले आणि शरीरात ज्यापासून डोपामिन बनते ते लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हिंडूफिरू लागले. या दिशेच्या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० मध्ये व्हिएन्नातील ओलेह होर्निकीविच यांनी पार्किन्सन्सने दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचा तुटवडा दाखवून दिला, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडाने घेण्याची लेव्होडोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन रुग्णांमध्ये लक्षणीय सुधारणा घडवली. पुढे कार्बिडोपा या साहाय्यक द्रव्याची जोड मिळाल्याने मात्रा कमी लागू लागली आणि मळमळही घटली. आज जगभर जी गोळी पहिली मानली जाते ती हीच. ती पेशींचा ऱ्हास थांबवत नाही, तुटवडा भरून काढते. काही वर्षांनी पुढच्या गोळीची वेळ येण्याआधीच तिचा परिणाम उतरू लागतो आणि काही रुग्णांना अनावर, वेड्यावाकड्या हालचाली सुरू होतात, ज्यांना डिस्कायनेशिया म्हणतात. पर्यायाचा शोध बहुतेक वेळा या टप्प्यावर जोर धरतो, आणि तो समजण्यासारखाही आहे.

चिनी वैद्यक या आजाराकडे कसे पाहते

प्राचीन चिनी वैद्यकात डोपामिन नाही, मेंदूतील काळसर पट्टाही नाही. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या दोन हजार वर्षांहून जुन्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात थरथर आणि भोवळ यांचा संबंध यकृताशी आणि शरीरात उठणाऱ्या ‘वाऱ्या’शी जोडलेला आहे. हे यकृत म्हणजे आपल्या सोनोग्राफीत दिसणारा अवयव नव्हे. रक्त साठवणे, स्नायुबंधांना पोसणे, भावनांचा ओघ मोकळा ठेवणे अशा कामांच्या एका समूहाला ते नाव आहे. वयानुसार मूत्रपिंडाचे सत्त्व आटते, त्यामुळे यकृताला पोषण मिळत नाही, आणि मग आतला वारा भडकून हात थरथरतात, अशी ही मांडणी आहे. मेंदूला या परंपरेत ‘मज्जेचा सागर’ म्हटले जाते आणि त्याचे भरणपोषणही मूत्रपिंडाकडे असते. ज्याला वातव्याधी, कंपवात हे शब्द परिचित आहेत त्या मराठी वाचकाला वारा आणि कंप यांची ही सांगड फारशी परकी वाटणार नाही, मात्र दोन्ही शास्त्रांची औषधे आणि निदानाची रीत वेगळी आहे.

मिंग काळातील वैद्य वांग खनथांग (१५४९ ते १६१३) यांनी लिहून ठेवले आहे की हा कंप ऐन तारुण्यात क्वचित दिसतो, मध्यम वयानंतर आढळतो आणि म्हातारपणी अधिक असतो. निरीक्षण अचूक आहे. तरीही पारंपरिक वैद्यकातला ‘कंपाचा विकार’ आणि आजचा पार्किन्सन्स यांच्यात बरोबरीचे चिन्ह घालता येत नाही. थायरॉइड वाढल्याने होणारा कंप, दारू सुटल्यानंतरचा कंप, वयस्कांमध्ये अतिशय सामान्य असलेला आणि पार्किन्सन्सशी संबंध नसलेला ‘इसेन्शियल ट्रेमर’, हे सगळे त्या एका नावाखाली येऊ शकतात. उलट, पार्किन्सन्सच्या काही रुग्णांना कंप नसतोच, केवळ मंदपणा आणि ताठरपणा असतो. जुन्या ग्रंथातील ‘अमुक काढ्याने कंप गेला’ हा दाखला म्हणूनच पार्किन्सन्सचा पुरावा ठरत नाही.

वैद्य जीभ पाहतो, नाडी पाहतो आणि रुग्णाची प्रकृती एखाद्या आकृतिबंधात बसवतो. कोणाचा वारा भडकलेला, कोणात कफ आणि उष्णता, कोणात रक्त आणि प्राणशक्ती क्षीण, कोणाचा मज्जेचा सागर आटलेला. औषध या आकृतिबंधानुसार ठरते, त्यामुळे एकाच आजाराच्या दोन रुग्णांना वेगवेगळे काढे मिळतात आणि एकाच रुग्णाचा काढाही दर पंधरवड्याला बदलू शकतो. संशोधनाच्या दृष्टीने ही मोठी अडचण आहे, तिच्याकडे पुढे येऊच.

या काढ्यांमध्ये वारंवार येणाऱ्या दोन वनस्पती म्हणजे गौ-थंग आणि थ्येन-मा. गौ-थंग ही अंकॅरिया नावाची वेल, कॉफी आणि कदंब यांच्या कुळातली. तिच्या फांद्यांवर आकड्यांसारखे वाकडे काटे असतात आणि काट्यांसह वाळवलेले तुकडे औषधात घेतात. काढा उकळताना गौ-थंग शेवटी टाकायची असते, कारण ती फार वेळ उकळली तर गुण जातो, असे परंपरा सांगते. तिच्यातील अल्कलॉइड दीर्घकाळ उकळल्याने घटतात, असे आता रसायनशास्त्रही सांगते. थ्येन-मा तर त्याहून विलक्षण आहे. हे एक ऑर्किड आहे, पण त्याला हिरवी पाने नाहीत, हरितद्रव्य नाही. जमिनीखालच्या एका बुरशीवर ते जगते आणि त्याचा कंद वाळवून वापरतात. युन्नान आणि ग्वेइचौ प्रांतांत त्याची मोठी लागवड होते. या दोघांना मध्यवर्ती ठेवून केलेला अकरा घटकांचा एक प्रसिद्ध काढा विसाव्या शतकाच्या मध्यावर ग्रंथबद्ध झाला आणि त्याचा मुख्य वापर आज उच्च रक्तदाबावर होतो. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. यांखेरीज पांढरी पिओनी, रेहमानिया, दान-शन, ज्येष्ठमध अशी नावे येतात. काही जुन्या पाठांत, म्हणजे औषधांच्या ठरलेल्या कृतींत, विंचू आणि रेशमाच्या किड्यासारखे प्राणिज घटक असतात, आणि एका पाठात सायगा या हरणासारख्या प्राण्याचे शिंग लागते. सायगाची संख्या शिकारीमुळे इतकी घटली की त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित करावा लागला.

प्रयोगशाळेतले यश आणि त्याची मर्यादा

या वनस्पतींवरचे प्रयोगशाळेतले काम खरोखर मनोवेधक आहे. २०१२ मध्ये हाँगकाँग बॅप्टिस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की गौ-थंगमधील आयसोऱ्हिंकोफायलिन हे द्रव्य चेतापेशींमधील साफसफाईची यंत्रणा चालू करते आणि त्यामुळे अल्फा-सिन्युक्लिनचा निचरा वाढतो. थ्येन-मामधील गॅस्ट्रोडिन आणि पिओनीमधील पिओनिफ्लोरिन यांवरही असे बरेच काम झाले आहे. येथून ‘चिनी औषध मेंदूच्या पेशी वाचवते’ या वाक्यापर्यंत उडी मारणे फार सोपे असते.

हे प्रयोग बहुधा कशावर होतात ते पाहिले म्हणजे उडीची लांबी कळते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील काही तरुण व्यसनींना भेसळयुक्त कृत्रिम हेरॉइनमुळे एकाएकी पार्किन्सन्ससारखी अवस्था आली. त्या भेसळीतले एमपीटीपी हे द्रव्य डोपामिनच्या पेशी मारते असे निष्पन्न झाले आणि तेव्हापासून उंदरांना ते टोचून ‘पार्किन्सन्स’ घडवला जातो. उंदराच्या पेशी काही दिवसांत मरतात, माणसाच्या पेशींना काही दशके लागतात. शिवाय अनेक प्रयोगांत वनौषधी विषाच्या आधीपासून दिलेली असते. आग लागण्यापूर्वीच छपरावर पाणी मारून ठेवावे, तसे ते आहे. रुग्ण डॉक्टरकडे येतो तेव्हा निम्मे घर जळून गेलेले असते. आणखी एक प्रश्न मात्रेचा. काचेच्या बशीतील पेशींना जितके द्रव्य मिळते तितके काढ्यातून पचनसंस्था, यकृत आणि मेंदूभोवतीचा अडसर ओलांडून माणसाच्या मेंदूत पोचते का, हे वेगळे मोजावे लागते.

ही शंका केवळ चिनी औषधांवर घेतलेली नाही. को-एन्झाइम क्यू-१० हे पूरक द्रव्य उंदरांमध्ये उत्तम ठरले होते. अमेरिका आणि कॅनडातील ६०० रुग्णांवरची चाचणी फायद्याची शक्यता दिसेना म्हणून थांबवावी लागली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. क्रिएटिनची चाचणी १,७४१ रुग्णांवर झाली, २०१५ मध्ये तिचा निकालही शून्य. रक्तदाबाची एक गोळी, इस्राडिपिन, तिचीही २०२० मध्ये तीच गत झाली. ऱ्हास थांबवणारे औषध म्हणून आजवर माणसांत काहीही निर्विवाद सिद्ध झालेले नाही, आधुनिक औषधांतही नाही आणि वनौषधींतही नाही. पहिल्या दाव्याचा विचार येथे संपतो.

रुग्णांवरच्या चाचण्या

दुसरा दावा हालचालींचा. यावर चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांतील बहुसंख्य चाचण्यांचा निष्कर्ष औषधाच्या बाजूने आहे. तरीही स्वतंत्र परीक्षण करणारे अभ्यासक पुन्हा पुन्हा ‘पुरावा अपुरा’ असेच का म्हणतात, हे समजून घेण्यासाठी चाचणीची रचना पाहावी लागते. सर्वांत प्रचलित रचनेत रुग्णांचे दोन गट असतात. एका गटाला लेव्होडोपा, दुसऱ्या गटाला लेव्होडोपा आणि शिवाय काढा. काही आठवड्यांनी लक्षणे तपासून दोन्ही गटांना गुण दिले जातात आणि दुसरा गट थोडा पुढे निघतो. येथे पहिल्या गटाला काढ्यासारखा दिसणारा, तसाच कडू, पण औषधहीन द्रव मिळालेला नसतो. आपल्याला जास्तीचे औषध मिळते आहे हे दुसऱ्या गटाला माहीत असते, आणि पुष्कळदा गुण देणाऱ्या डॉक्टरलाही.

इतर कोणत्या आजारात हे चालून गेले असते असे नाही, पण पार्किन्सन्समध्ये ते अजिबात चालत नाही, कारण या आजारात अपेक्षेचा परिणाम फार मोठा असतो. २००१ मध्ये कॅनडातील संशोधकांनी मेंदूच्या पीईटी छायाचित्रणातून दाखवले की नुसते मिठाचे पाणी औषध समजून टोचून घेतलेल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूतही खरेखुरे डोपामिन स्रवते. म्हणजे बरे वाटणे हा मनाचा खेळ नव्हता, मेंदूत रसायन वाढले होते. २०१५ मध्ये अमेरिकेत बारा रुग्णांवर केलेला प्रयोग तर याहून बोलका आहे. त्यांना दोन इंजेक्शने दिली गेली. एकाची किंमत शंभर डॉलर आणि दुसऱ्याची दीड हजार डॉलर, असे सांगण्यात आले. दोन्हींत मिठाचे पाणीच होते, आणि ‘महागड्या’ पाण्याने हालचाली अधिक सुधारल्या. नाडी पाहून, तासभर बोलून, खास आपल्यासाठी मोजून बांधलेला, दूरदेशीचा, महाग आणि कडू काढा किती अपेक्षा जागवत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो. काढ्याने बरे वाटले असे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. त्या बरे वाटण्यातला वनस्पतीचा वाटा किती, एवढाच प्रश्न असतो, आणि औषधहीन द्रवाशी तुलना केल्यावाचून तो सुटत नाही.

चाचण्यांच्या विश्वासार्हतेबद्दल चिनी संशोधकांनी स्वतःच जे शोधले ते कोणा बाहेरच्या टीकाकारापेक्षा कठोर आहे. रुग्णांची गटवारी चिठ्ठी टाकल्यासारखी, कोणाच्याही हातात न राहता व्हावी लागते. १९९४ ते २००५ या काळात चिनी नियतकालिकांत अशी गटवारी केल्याचा दावा करणारे वीस आजारांवरचे तीन हजारांहून अधिक निबंध त्यांनी निवडले, लेखकांना दूरध्वनी करून प्रत्यक्षात काय केले ते विचारले, आणि २००९ मध्ये उत्तर छापले. खरोखर योग्य रीतीने गटवारी केलेल्या चाचण्या सात टक्क्यांहून कमी भरल्या. यात आधुनिक औषधांच्या चाचण्याही होत्या, त्यामुळे दोष वनौषधींचा नसून संशोधनाच्या तत्कालीन रीतीचा होता. ही रीत पुढे सुधारली आहे, पण आढावा-लेखांत आजही जुन्या चाचण्यांची भर असते.

चांगल्या रचनेच्या चाचण्या काय सांगतात? हाँगकाँगमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी उदाहरण म्हणून घेता येईल. पचन सुधारणाऱ्या एका जुन्या पाठात भर घालून केलेले औषध आणि तसेच दिसणारे नकली औषध अशी तुलना ५५ रुग्णांवर २४ आठवडे करण्यात आली. दोन्ही गटांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या. संवाद साधण्यातील अडचणींच्या गुणांकात आणि उपचारांमुळे उद्भवणाऱ्या काही तक्रारींत औषधाचा गट सरस ठरला, हालचालींच्या मुख्य गुणांकात ठळक फरक दिसला नाही. निकाल प्रामाणिक आहे आणि तितक्याच प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. डझनावारी उपगुणांक मोजले की त्यांतील एकदोन केवळ योगायोगानेही वर येतात, म्हणून अशा निकालाची मोठ्या गटावर पुन्हा पडताळणी व्हावी लागते. शांघायमध्ये डिस्कायनेशियासाठी केलेल्या दाणेदार औषधाचीही नकली औषधाशी तुलना करून चाचणी झाली आहे, आणि माझ्या मते संशोधनाची ही दिशा अधिक फलदायी आहे. लेव्होडोपाला हटवण्याची भाषा न करता तिच्या दुष्परिणामांवर काम करणारे साहाय्यक औषध शोधणे, हे ध्येय निदान गाठता येण्यासारखे आहे.

आकृतिबंधानुसार बदलणाऱ्या काढ्याची अडचण मात्र उरतेच. सर्वांना एकच ठरीव औषध दिले तर परंपरेतील वैद्य म्हणतात की ही आमची पद्धतच नव्हे. प्रत्येकाला वेगळे दिले तर कशाची चाचणी झाली हे सांगता येत नाही. यावर मधला मार्ग असा की एकाच आकृतिबंधाचे रुग्ण निवडून त्यांनाच एक ठरीव औषध द्यायचे.

कंपापलीकडचे त्रास

तिसऱ्या दाव्याच्या बाबतीत चित्र थोडे आशादायक आहे. पार्किन्सन्सच्या रुग्णाला विचारले तर तो कित्येकदा कंपापेक्षा पोट साफ न होण्याचे दुःख अधिक सांगतो. भांगेच्या बियांवर आधारलेली ‘मा-त्झ-रन-वान’ ही जुनी चिनी गोळी हाँगकाँगमध्ये २९१ जणांवर तपासली गेली, एका बाजूला सेन्ना म्हणजे सोनामुखी आणि दुसऱ्या बाजूला नकली औषध ठेवून. आठ आठवड्यांत सुमारे दोन-तृतीयांश लोकांना या गोळीने फायदा झाला, नकली औषधाने एक-तृतीयांशांना. हे लोक पार्किन्सन्सचे नव्हते, साध्या जुनाट बद्धकोष्ठतेचे होते, त्यामुळे निकाल जसाच्या तसा उचलता येणार नाही. तरी चिनी वनौषधींची चाचणी नीट करता येते आणि नीट केल्यावरही ती टिकू शकते, हे त्यातून दिसते. गोळीत रेवंदचिनी आहे आणि सोनामुखीप्रमाणे तीही रेचक आहे, हे कळल्यावर निकालाचे आश्चर्यही कमी होते. जपानमध्ये गौ-थंग असलेला ‘योकुकान्सान’ हा सात घटकांचा पाठ भास आणि चिडचिड यांवर दिला जातो. पार्किन्सन्सच्या रुग्णांमध्ये त्याने भास कमी झाल्याची निरीक्षणे आहेत, परंतु त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता.

चिनी परंपरेतील ज्या गोष्टीचा पार्किन्सन्ससाठीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे ती मुळी औषधी नाहीच. २०१२ मध्ये अमेरिकेतील ऑरेगनमध्ये १९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई-ची केलेल्या गटाचा तोल नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा सुधारला आणि पडण्याचे प्रसंगही कमी झाले. त्यात विकायला पाकीट नसते, म्हणून जाहिरातही दिसत नाही.

धोके कोठे आहेत

‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ या वाक्याला सर्पगंधा पुरेसे उत्तर आहे. तिच्यातील रेसर्पिनने निरोगी माणसातही पार्किन्सन्ससारखी लक्षणे येऊ शकतात. चिनी वनौषधींच्या बाबतीत सर्वांत मोठी दुर्घटना बेल्जियममध्ये घडली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे वजन घटवण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीऐवजी नावात साम्य असलेली दुसरी, ॲरिस्टोलोकिया जातीची वनस्पती आली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली किंवा गंभीर बाधित झाली आणि त्यांतील अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ओळखीतली चूक एका कणभर वाळक्या मुळीत कोणाला डोळ्यांनी कळत नाही.

पार्किन्सन्सच्या रुग्णाला काही धोके विशेष लागू होतात. या आजारात उठून उभे राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि लेव्होडोपानेही तो उतरू शकतो. रक्तदाब कमी करण्यासाठी प्रसिद्ध असलेला गौ-थंगचा काढा अशा माणसाला सकाळी दिला तर चक्कर येऊन मांडीचे हाड मोडण्याची वेळ येऊ शकते. दान-शन वॉर्फरिनचा परिणाम वाढवते, त्यामुळे हृदयाच्या कारणाने रक्त पातळ ठेवणाऱ्याला रक्तस्राव होऊ शकतो. पायात गोळे येतात म्हणून दिला जाणारा पिओनी आणि ज्येष्ठमधाचा काढा दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम घटते आणि स्नायू आणखी दुबळे होतात. मूत्रपिंडाचे सत्त्व वाढवून केस काळे करणारी म्हणून विकली जाणारी ह-शौ-वू यकृताला इजा करते, याची जगभर नोंद आहे. मा-ह्वांग या वनस्पतीत एफेड्रिन असते; सेलेजिलिन किंवा रसाजिलिन या पार्किन्सन्सच्याच गोळ्या घेणाऱ्याने ती टाळलीच पाहिजे, नाहीतर रक्तदाब धोकादायक पातळीवर चढू शकतो. मन शांत करणाऱ्या काही जुन्या गोळ्यांत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे संयुग असते.

आपल्याकडची खाजकुइली या सगळ्यांत वेगळी ठरते, कारण तिच्या बियांत प्रत्यक्ष लेव्होडोपा असते, साधारण चार ते सहा टक्के. भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ती १९३७ मध्येच वेगळी करून दाखवली होती. लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीस ग्रॅम बियांच्या चूर्णाचा परिणाम गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि सुमारे ३७ मिनिटे अधिक टिकला. हे यश परंपरेचे आहेच, पण मुख्यतः लेव्होडोपाचे आहे, आणि म्हणून तिचे दुष्परिणामही सोबत येतात. गोळी चालू असताना वर कोणी खाजकुइलीचे चूर्ण घेऊ लागला तर तो नकळत लेव्होडोपाची मात्रा वाढवत असतो, आणि बियाणे, जमीन, भाजणे यांनुसार ती किती वाढली हेही कळत नाही. चिनी किंवा मिश्र वनौषधींच्या पाकिटात ‘म्युक्युना’ असे नाव आढळले तर ती हीच.

यातला सर्वांत गंभीर धोका कोणत्याही वनस्पतीचा नाही. ‘आधी इंग्रजी गोळ्या बंद करा, मग आमचे औषध लागू पडेल’ हा सल्ला आजही दिला जातो. लेव्होडोपा एकाएकी थांबवल्यास काही दिवसांत प्रचंड ताप, शरीर लाकडासारखे कडक होणे आणि शुद्ध हरपणे अशी अवस्था येऊ शकते आणि तिने मृत्यूही ओढवतो. चीनमधील रुग्णालयांतही वनौषधी सामान्यतः गोळ्यांसोबतच देतात, त्यांच्या जागी नव्हे. ज्यांना तरीही काढा घेऊन पाहायचा आहे त्यांनी पाकिटावरील घटकांची यादी न्यूरॉलॉजिस्टला दाखवावी, घटक लिहिलेले नसतील तर ते पाकीट उघडूच नये, सुरुवातीलाच आणि पुढे दर काही आठवड्यांनी यकृत, मूत्रपिंड आणि पोटॅशियमची तपासणी करून घ्यावी, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला आपण काय घेत आहोत ते नावानिशी सांगावे.